खाऱ्या तलावाचे हिरवे पाणी

कोलकात्याच्या पूर्वेला विधाननगर नावाचे आखीव उपनगर आहे. कागदोपत्री नाव काहीही असले तरी लोकांच्या तोंडी ते 'सॉल्ट लेक'च राहिले. तिथे आता ना खारे पाणी आहे, ना जुना तलाव. या उपनगराच्या दक्षिणेला आणि पूर्वेला मात्र उथळ तळ्यांची मोठी पाणथळ भूमी अजून टिकून आहे. शहराचे मैलापाणी या तळ्यांत येते, काही आठवड्यांत निवळते, आणि त्याच पाण्यावर पोसलेली मासळी पहाटे शहराच्या बाजारात पोहोचते. मधले काम सूक्ष्मशैवाले करतात. ती एकेकटी डोळ्यांना दिसत नाहीत, पण भरभरून वाढली की सगळे पाणी हिरवे करून टाकतात. चामडे, मासळी-प्रक्रिया, लोणची, रंग अशा उद्योगांतून बाहेर पडणाऱ्या खारट सांडपाण्यासाठी हीच सूक्ष्मशैवाले वापरता येतील का, याचा शोध आज अनेक देशांत चालू आहे. मीठ वाढले की नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू दुबळे होतात. मिठात तगणारी शैवाले तिथे उपयोगी पडतील, ही त्यामागची आशा आहे. या शोधात पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की शैवालाची कोणती जात निवडावी. या खाऱ्या तलावांचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला की मला दुसराच प्रश्न आधीचा वाटतो : वाढलेले शैवाल खाणार कोण? ज्या पाण्यात या प्रश्नाला उत्तर होते तिथे शैवालाने पिढ्यान्‌पिढ्या काम केले. जिथे उत्तर नव्हते तिथे उत्तम विज्ञानही अडखळले.

कोलकाता हुगळीच्या काठी वसले असले तरी शहराच्या जमिनीचा उतार नदीकडे नाही. तो उलट पूर्वेला, या तलावांकडे आहे. विद्याधरी नावाची भरतीची नदी समुद्राचे पाणी इथवर आणी, आणि ओहोटीबरोबर ते परत नेई. त्यामुळे तलावांचे पाणी मचूळ असे आणि त्यात खाडीची मासळी वाढे : बंगाली माणसाची लाडकी भेटकी, म्हणजे आपल्या रायगडकडचा जिताडा, बोयीच्या जातीचे मासे आणि कोळंबी. बांध घालून भरतीचे पाणी व त्याबरोबर येणारी पिल्ले अडवायची आणि वाढलेली मासळी धरायची, असा हा धंदा होता. अशा बांधबंदिस्त तळ्याला तिथे 'भेडी' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम क्लार्क या अभियंत्याच्या आराखड्यानुसार कोलकात्याला भूमिगत गटारे मिळाली. उतार पूर्वेला होता म्हणून गटारांचे तोंडही पूर्वेलाच निघाले. शहराचा कचरा धापा येथे टाकला जाऊ लागला आणि त्या कचऱ्याच्या खतावर भाजीचे मळे उभे राहिले. शहराची घाण आणि समुद्राची भरती अशी एकाच खोलगट भागात येऊन भेटली. घाण पुरेशी पातळ करून समुद्राकडे नेण्याचे काम भरती करील, हे त्या काळच्या अभियंत्यांनी गृहीत धरले होते.

ते गृहीत टिकले नाही. विद्याधरीच्या काठची खाजणे बांध घालून शेतीखाली आणली गेली, तेव्हा भरतीच्या पाण्याला पसरायला जागा उरली नाही. वरून येणारा गोड्या पाण्याचा प्रवाह आधीच रोडावला होता. जलवाहतुकीसाठी खोदलेल्या कालव्यांनी नदीचे पाणी आणखी विभागले आणि शहराचा मैला तळाशी साचत गेला. ज्या नदीत गाळ ढकलून नेण्याएवढा जोर राहत नाही, ती स्वतःच्याच गाळाने बुजते. १९२८ मध्ये विद्याधरी मृत झाल्याचे सरकारने जाहीर केले. भरती थांबली, तलावांतला खार उतरला आणि खाडीच्या मासळीचा धंदा बसला. एका बाजूला वाहून न जाणारे मैलापाणी आणि दुसऱ्या बाजूला ओस पडलेल्या भेड्या, अशी ही अवस्था होती. या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत बिधुभूषण सरकार या भेडीमालकाचे नाव घेतले जाते. १९३० च्या आसपास त्यांनी शहराचे मैलापाणी मोजून-मापून तळ्यात घेतले आणि त्यात गोड्या पाण्यातली मासळी वाढवून दाखवली. शेजाऱ्यांनी ते पाहून उचलले. पुढे बीरेंद्रनाथ दे या अभियंत्याच्या योजनेनुसार शहराचे सांडपाणी कुलटीच्या खाडीपर्यंत नेणारे कालवे १९४० च्या दशकात तयार झाले. या कालव्यांत पाण्याची पातळी उंच राखली जाई. त्यामुळे पंप न लावता, नुसत्या उताराने, ते आजूबाजूच्या भेड्यांत घेता येऊ लागले. खाऱ्या तलावांचा दुसरा जन्म असा झाला. पहिल्या जन्मात तिथे समुद्र होता, दुसऱ्यात शहर आले.

भेडीचे वर्ष हिवाळ्यात सुरू होते. तळे उपसून तळचा चिखल उन्हात तापू देतात, तळ ढवळतात, गरजेप्रमाणे चुना टाकतात. मग फेब्रुवारीच्या सुमारास मैलापाणी आत घेतले जाते आणि काही आठवडे कोणीही त्याला हात लावत नाही. तळे जेमतेम कमरेएवढे खोल असते, म्हणून ऊन तळापर्यंत पोहोचते. जिवाणू मैल्याचे विघटन करतात, त्यातून नत्र, स्फुरद आणि कर्बवायू मोकळा होतो, आणि हेच शैवालाचे अन्न असते. शैवाल उन्हाच्या बळावर वाढते व पाण्यात प्राणवायू सोडते. तो प्राणवायू पुन्हा जिवाणूंना लागतो. शैवालाने कर्बवायू ओढून घेतला की दुपारी पाणी अल्कधर्मी होते. उन्हाबरोबर हे अल्कधर्मी पाणीही रोगजंतूंचा नाश करते. काळे पाणी हिरवे झाले, वास गेला, की मगच रोहू, कटला, मृगळ यांची पिल्ले सोडतात. त्यानंतर वर्षभर थोडेथोडे मैलापाणी येत राहते. किती घ्यायचे, कधी थांबायचे, हे तिथले जाणते मच्छीमार पाण्याचा रंग आणि वास पाहून ठरवतात. कडेने जलपर्णीचा पट्टा राखतात. तो लाटांपासून बांध वाचवतो आणि माशांना सावली देतो. वर्णनात हे साधे वाटते, पण चुकीच्या दिवशी जास्त पाणी घेतले तर पहाटे प्राणवायू संपून सगळे तळे मरू शकते. पंप, यंत्रे आणि वीज यांच्या जागी इथे अनुभव काम करतो.

या अनुभवाला विज्ञानाची भाषा मिळायला काही वर्षे जावी लागली. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली येथे विल्यम ऑसवॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणू व शैवाल यांची ही देवाणघेवाण मोजून दाखवली. उथळ, हळूहळू फिरणाऱ्या पाण्याचे शैवाल-तलाव त्यांनी आखले, आणि १९६७ मध्ये सेंट हेलेना या गावी अशा तलावांचे शुद्धीकरण केंद्र सुरू झाले. मैलापाण्यातली पोषके शैवाल शोषून घेते, याबद्दल आता शंका उरली नव्हती. अडचण त्यापुढे आली. पोषके शोषून शैवाल वाढले, पण ते पाण्यातच राहिले. एकेक पेशी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी, घनता जवळजवळ पाण्याएवढी, म्हणून ती सहज तळाशी बसत नाही. एक लिटर पाण्यात शैवालाचे कोरडे वजन बहुधा ग्रॅमभरही नसते. गाळायला जावे तर गाळणी चोंदते, यंत्राने फिरवून वेगळे करायला वीज लागते, रसायन टाकून साकळवले तर ते रसायन शैवालात उतरते. आणि काढलेच नाही, तर ते पुढच्या नदीत जाऊन कुजते व तिथला प्राणवायू खाते, म्हणजे घाण फक्त हिरवी होऊन पुढे सरकते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ पासून १९९६ पर्यंत शैवालापासून इंधन मिळवण्याचा मोठा कार्यक्रम चालवला. त्यात न्यू मेक्सिकोतील रॉझवेल येथे भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यावर शैवाल वाढवून पाहिले गेले. शैवाल वाढले, पण ते स्वस्तात काढून विकण्याचे गणित जमले नाही.

याच वर्षांत कोलकात्याच्या भेड्यांमध्ये हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता, कारण तिथे शैवाल काढायचे काम मासे करत होते. काही मासे वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे हे शैवाल, थेट गाळून खातात. काही मासे ते खाणारे सूक्ष्म प्राणी खातात, काही तळाशी पडलेला गाळ उपसतात. पाण्याच्या वेगवेगळ्या थरांत चरणाऱ्या जाती एकत्र सोडल्या की शैवाल वाढते तेवढे खाल्लेही जाते. अन्नाच्या या साखळीच्या शेवटी जाळे असते, आणि जाळ्यापुढे बाजार. आज या भूमीत अडीचशेच्या आसपास भेड्या आहेत आणि वर्षाला सुमारे १०,००० टन मासळी निघते असे सांगितले जाते. शहराचे नत्र आणि स्फुरद असे मासळीच्या रूपाने पाण्यातून बाहेर पडते, आणि ते बाहेर काढणाऱ्याला त्याचा पगार ग्राहक देतो. मैलापाणी शुद्ध करण्यासाठी म्हणून कुणी हा धंदा चालवला नाही. शुद्धीकरण हे त्या धंद्याचे उप-उत्पादन आहे. माझ्या मते तो जवळजवळ शंभर वर्षे टिकण्याचे कारण नेमके हेच आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कोलकात्याचे मैलापाणी खारे नाही. तलाव गोडे झाले म्हणूनच रोहू-कटला तिथे वाढू शकले. मग खारट सांडपाण्याबद्दल या इतिहासातून काय शिकायचे? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर मिठागरांत मिळते, कारण मिठागर हीसुद्धा शैवालाचीच वाडी आहे. मिठागरांचे पाणी आटत आले की लालसर होते, हे मीठ पिकवणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक होते. हा रंग कशाचा, यावर फ्रान्समध्ये वाद होता. त्या पाण्यात सापडणाऱ्या आर्टेमिया नावाच्या, कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या बारीक जिवाला काहींनी त्याचे कारण ठरवले होते. १८३८ मध्ये मिशेल फेलिक्स द्यूनाल यांनी माँपेलिएच्या परिसरातल्या मिठागरांत पाहून सांगितले की रंग एका सूक्ष्म जिवाचा आहे. त्यांच्याच नावावरून या शैवालाला १९०५ मध्ये ड्युनालिएला हे नाव मिळाले. त्याला कडक पेशीभित्ती नसते. बाहेर मीठ वाढले की ते आत ग्लिसरॉल साठवून तोल सांभाळते, आणि समुद्राच्या अनेक पट खाऱ्या पाण्यात जगते. म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे शैवाल निसर्गाने केव्हाच तयार ठेवले होते. पण त्याच मिठागरात त्याला खाणारा आर्टेमियाही होता. शैवाल फार माजले आणि खाणारा नसला तर पाण्यात बुळबुळीत द्रव्य साचते, आणि मिठाचे स्फटिक मोठे व स्वच्छ बनत नाहीत. ब्राझीलच्या मकाऊ येथील मिठागरांत १९७७ मध्ये बाहेरून आर्टेमिया आणून सोडला गेला, तो पुढे तिथे स्थिरावला आणि माशांच्या पिल्लांचे अन्न म्हणून विकलाही जाऊ लागला. खाऱ्या पाण्याला खाऱ्या पाण्याचाच खाणारा लागतो, एवढाच इथे फरक आहे.

ही साखळी फार पूर्वी एका तरुण निसर्गाभ्यासकाच्या लक्षात आली होती. १८३३ मध्ये चार्ल्स डार्विन पॅटागोनियातील रिओ नेग्रोजवळच्या मीठ-तलावावर गेले. एवढ्या खाऱ्या पाण्याच्या चिखलात किडे आणि काठावर रोहित पक्षी पाहून त्यांनी अंदाज बांधला, की पक्षी किड्यांसाठी येतात आणि किडे सूक्ष्म जीवांवर व शैवालावर जगतात. खारे पाणी म्हणजे मृत पाणी हा समज तिथेच गळून पडला. मराठी वाचकाला हे पाहायला पॅटागोनियाला जाण्याची गरज नाही. ठाण्याची खाडी भांडुप-मुलुंडच्या मिठागरांना लागून आहे. मुंबई-ठाण्याचे कितीतरी सांडपाणी या खाऱ्या खाडीत येते, त्यातल्या पोषकांवर नील-हरित शैवाल वाढते, आणि अभ्यासकांच्या मते हजारोंनी येणारे लहान रोहित याच अन्नाला भुलतात. २०१५ मध्ये या खाडीला रोहित अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ-कराराखालचा दर्जा मिळाला. रोहितांमुळे खाडी स्वच्छ होते असा दावा मी करत नाही. तिच्यात पडणारी घाण कितीतरी अधिक आहे आणि पक्षी काही महिनेच राहतात. पण खाऱ्या सांडपाण्यात शैवाल पिकते आणि कोणीतरी ते खायला येते, याचा हा आपल्या दारातला पुरावा आहे.

आता कोलकात्याकडे परत येऊ, कारण तिथे मीठ परतले आहे. टांगरा, तिलजला, टोपसिया या भागांत दीर्घकाळ चामड्याचे कारखाने होते. कातडे कुजू नये म्हणून ते भरपूर मीठ लावून ठेवतात. कारखान्यात आल्यावर ते धुतात तेव्हा हे सगळे मीठ पाण्यात उतरते. पुढे कमावण्यासाठी वापरलेले क्रोमियमही त्यात मिसळते. १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला, आणि नवी वसाहत उभी राहिली ती बांतलाला, म्हणजे याच पाणथळ भूमीच्या अंगाला. नदीबरोबर गेलेला खार कातड्याच्या वाटेने परत आला. सूक्ष्मशैवाल इथे काय करू शकते, हे नीट समजून घ्यायला हवे. मिठात तगणारे शैवाल अशा पाण्यातले नत्र व स्फुरद शोषू शकते, जिवाणूंना प्राणवायू पुरवू शकते, काही धातू पेशीला चिकटवून घेऊ शकते. साधे मीठ मात्र ते काढत नाही. सोडियम आणि क्लोराइड जवळजवळ जसेच्या तसे पाण्यात राहतात. 'शैवालाने खारे पाणी गोडे होते' असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. मिठाचा प्रश्न कातडे धुण्यापूर्वी मीठ झटकून वेगळे करणे, मीठ कमी वापरणे, खारे पाणी वेगळ्या वाटेने नेणे, अशा उपायांनी आधी सोडवावा लागतो.

इथेच दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. खाणारा असणे ही माझ्या मते शैवालाची ताकद आहे, पण शैवालाने क्रोमियम धरले आणि ते माशाने खाल्ले, तर ते माणसाच्या ताटात येणार नाही का? तळ्यांच्या गाळात आणि काही माशांत धातू आढळल्याचे अभ्यास आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे अपराध ठरेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष शैवालाविरुद्ध जात नाही, तो पाण्यांच्या मिसळीविरुद्ध जातो. घरगुती मैलापाणी, रोगजंतू सोडले तर, मूळचे अन्नच असते, आणि ऊन व काळ मिळाला तर त्यातले बहुतेक रोगजंतू मरतात. कारखान्याचे पाणी तसे नाही. भेडीची परंपरा पहिल्या पाण्यावर उभी राहिली होती. दुसरे पाणी त्यात सोडणे म्हणजे त्या परंपरेचा गळा आवळणे होय. चामड्याच्या पाण्यात शैवाल वाढवायचेच असेल तर त्याचा खाणारा मासा नसावा. ते शैवाल काढून त्याचा धातूंसह बंदोबस्त करावा लागेल, आणि त्या कामाचा खर्च कारखान्याने द्यावा. म्हणजे 'खाणार कोण' या प्रश्नाला कधीकधी 'कोणीही खाता कामा नये' हेच उत्तर असते. तो प्रश्न आधी विचारलेला असला की हे उत्तर वेळेत मिळते.

तिसरा आक्षेप जागेचा. रामसर यादीत या भूमीचे क्षेत्र १२,५०० हेक्टर आहे. एवढी जमीन वाढत्या महानगराला परवडते का, असे विचारले जाते. १९६२ पासून हुगळीचा गाळ नळांतून आणून तलावाचा उत्तर भाग भरला गेला आणि युगोस्लाव्हियातल्या कंपनीच्या मदतीने तिथे सॉल्ट लेक वसवले गेले, ते याच विचाराने. घरांची निकड खरी होती, हे मान्य करायला हवे. पण हिशेब करताना जमिनीची किंमत मांडली गेली आणि पाण्याची मांडली गेली नाही. जे काम तळी फुकट करत होती त्यासाठी यंत्रे, वीज आणि देखभाल लागली असती तर किती खर्च आला असता, हा आकडा कुणाच्या वहीत नव्हता. तो आकडा लोकांसमोर आणण्याचे काम १९८० च्या दशकात ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्याने केले. मैलापाणी कुठे जाते याचा माग काढत ते भेड्यांपर्यंत पोहोचले, मच्छीमारांकडून शिकले आणि आयुष्यभर, २०१८ मध्ये निधन होईपर्यंत, या भूमीसाठी लढले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एका स्वयंसेवी संस्थेच्या याचिकेवर या पाणथळीचा वापर बदलण्यास मनाई केली. ऑगस्ट २००२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला आणि २००६ मध्ये तिच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. कायद्यानंतरही अतिक्रमणे थांबलेली नाहीत.

राहिला शेवटचा आक्षेप : हे सगळे गोड करून सांगितलेले आहे. भेडीवर राबणारा मच्छीमार श्रीमंत झाला नाही. मालक अनेकदा शहरात राहिले, मजुरी कमी मिळाली, आणि पाणी व जमिनीच्या हक्कावरून भांडणे झाली. हे खरे आहे, आणि माझ्या मुद्द्याचा तो अविभाज्य भाग आहे. ज्ञान ज्याच्या हातात आहे त्याला त्याच्या ज्ञानाचे मोल मिळाले नाही, तर त्याची मुले ते शिकणार नाहीत. पाण्याचा रंग पाहून दिवस ठरवणारी माणसे संपली तर उरलेले तळे म्हणजे नुसते डबके. या मच्छीमारांनी शहराचे काम केले आहे. शहराने त्यांना मासळीची किंमत दिली, पाणी शुद्ध केल्याची किंमत मात्र कधी दिली नाही. ती द्यायला हवी.

खारट सांडपाण्यावर सूक्ष्मशैवालाचे जे प्रकल्प आज आखले जात आहेत, त्यांच्या मेजावर हा इतिहास असायला हवा, असे मला मनापासून वाटते. पाणी कुठून आले आणि त्यात विष आहे का, वाढलेले शैवाल कोण खाईल किंवा कोण काढील, आणि त्या माणसाचे घर त्यावर चालेल का, हे प्रश्न जातीच्या निवडीआधी सुटले पाहिजेत. विद्याधरीच्या अभियंत्यांनी घाण भरतीवर सोपवली आणि भरतीच आटली. भेडीवाल्यांनी ती ऊन, शैवाल, मासा आणि माणूस यांच्यात वाटून दिली. म्हणून नदी मेल्यावरही ते पाणी जिवंत राहिले.